दोन बाजारांचा खोकला

एसटीत कोणी दोनदा खोकलं की शेजारचा माणूस रुमाल शोधतो, आणि तिसऱ्यांदा खोकलं की जागा बदलतो. डबीवाले भाऊ उलटे. समुद्रपूरच्या गाडीत मागच्या बाकावर कोणी खोकलं, की ते खिडकीजवळची आपली चांगली जागा सोडून उठायचे, गचके खात मागे जायचे आणि त्या खोकणाऱ्याच्या शेजारी बसायचे. बसण्याआधी त्याच्यापलीकडे हात घालून खिडकीची काच सरकवायचे. मग विचारायचे, "कोन्या गावचे?" गाव, पीकपाणी, लेकरंबाळं सगळं विचारून झालं, उतरायची वेळ आली, की हळूच मुद्द्याचा प्रश्न यायचा.

"दोन बाजार झाले का याले?"

'याले' म्हणजे खोकल्याला. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला तपासून घ्यावा, असं सरकारी भिंतींवर रंगवलेलं असतं. पण भाऊंचं म्हणणं, "आठवडे कोन मोजते बाप्पा? मानूस बाजार मोजते." आमच्याकडे बाजार बुधवारचा. खोकला लागल्यापासून दोन बुधवार उलटले की थुंकी तपासायची, हा त्यांचा कायदा. तो आमच्या गावात इतका रुजला, की पारावर कोणी ठसकलं तरी बाकीचे ओरडायचे, "दोन बाजार झाले का बे?"

भाऊ क्षयरोग खात्याचे. गावोगाव फिरून थुंकीच्या डब्या वाटायच्या, भरलेल्या गोळा करून तपासणीला न्यायच्या, आणि ज्याच्या डबीत जंतू निघतील त्याला सहा महिने गोळ्या खायला लावायच्या, हे त्यांचं काम. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं, पण ते कोणी वाचल्याचं मला आठवत नाही. काळसर, उंच, पांढऱ्या मिशांचे. कोणत्याही अंगणात शिरताना मोठ्यानं "जय भीम" म्हणायचे; म्हातारी माणसं "राम राम" म्हणायची; दोघंही समाधानी असायचे. एकदा कोणीतरी त्यांना 'थुंकीवाला' म्हणून चिडवायला गेलं, तर हे म्हणतात, "मंग? दूधवाला दूध नेते, मी थुंकी नेतो. दोघंई सकाळीच येतो, दोघायलेई पानी घातलेलं चालत नाई."

मी पिपरी मेघेची, म्हणजे वर्ध्याला लागून असलेल्या वस्तीतली, नळाच्या पाण्यावर आणि गॅसवर वाढलेली. लग्न होऊन या गावात आले ती बी.ए.ची पदवी आणि आपल्याला सगळं कळतं हा समज सोबत घेऊन. घरात नवरा, सासूबाई, लग्नाची नणंद माया, आणि त्याच अंगणात पलीकडच्या दोन खोल्यांत विधवा चुलतसासू. त्यांना सगळे शेवंताकाकू म्हणत. मला मुलगा झाला तेव्हापासून तो माझा कमी आणि शेवंताकाकूचाच जास्त होता. सकाळी दूध पाजलं की काकू त्याला उचलून न्यायची. तो तिच्या मांडीवर झोपायचा, तिच्याच पदराला तोंड पुसायचा.

भाऊ पहिल्यांदा आमच्याकडे आले ते सासूबाईंच्या खोकल्यासाठी. सासूबाई हंगामात जिनमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कवडी वेचायला जायच्या, म्हणजे खराब, चिकट कापूस चांगल्यातून निवडायला. संध्याकाळी घरी आल्या की पऱ्हाट्यांची, कापसाच्या वाळलेल्या झाडांची, चूल पेटायची. कोरडा, ढास लागणारा खोकला. एकदा लागला की डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबायचा नाही. गॅस होता आमच्याकडे. पण त्याच्यावर मायानं विणलेलं झाकण घातलेलं होतं आणि तो पाहुण्यांच्या चहापुरता होता.

भाऊ खुर्चीवर बसले नाहीत. आधी स्वयंपाकघरात गेले, चुलीवरच्या भिंतीवरून एक बोट फिरवलं आणि ते काळं बोट घेऊन बाहेर आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "भितीवर इतकं बसलं, तं छातीत किती बसलं असन, बेटा?" मग सासूबाईंना विचारलं, "माय, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जास्त आवळते ना छाती?" सासूबाई चकित झाल्या. जिनला सुट्टी बाजाराच्या दिवशी, आणि खरोखरच त्यांना गुरुवारी सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. त्या समजत होत्या, बाजारातली भजी बाधतात. भाऊ म्हणाले, "भज्याचा दोष नाई. एक दिवस छाती मोकळी राह्यते, अन् गुरुवारी रुईची धूळ पुन्हा आत गेली का आवळते. तुमी बाया डोक्याले दुपट्टा बांधता, नाक उघडं ठेवता. रुई केसायत गेली तं धुता येते. छातीत गेली तं कोन धुवून देईन?"

हे ऐकून मीही वरमले. कारण जिनमधून परतणाऱ्या बायकांचे दुपट्टे मी रोज बघत होते. एकीचंही नाक झाकलेलं नसायचं, आणि ते मला कधी खटकलं नव्हतं.

पण शेवटी त्यांनी पिशवीतून डबी काढलीच. "मले हा खोकला धुराचा अन् धुळीचा वाटते. पन मी वाटन्यावर जात नाई, डबीवर जातो." सासूबाई म्हणाल्या, थुंकी येतच नाही. ते म्हणाले, उद्या सकाळी उठल्या उठल्या खोलवर श्वास घेऊन खोकून पाहा, सकाळची खरी. आणि डबी ठेवून गेले.

ते अंगणाबाहेर पडले आणि आमच्या घराचं अवसानच गळालं. मायाचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा समुद्रपूरचा, स्वतःचं दुकान. दोन महिन्यांवर तारीख धरायची होती. अशात घरात टीबी निघाला असं बाहेर कळलं तर? सासूबाई रडायलाच लागल्या. "पोरीचं लगन मोडन वं माह्या पायी." आणि तेव्हा मी, बी.ए. झालेली सून, पुढे आले. म्हटलं, "आई, तुम्ही कायले रडता? डबीवर नाव तुमचं, थुंकी कोणाचीही चालते."

काकू घरातली सगळ्यात दणकट बाई. कापसाचं गाठोडं एकटी डोक्यावर घ्यायची. सकाळी तिला थोडा खोकला यायचा, पण तो आम्ही तिच्या तंबाखूच्या खात्यावर टाकला होता. हल्ली जरा वाळली होती, तर म्हणायची, तुझं पोर मला बसू देत नाही. मी तिला डबी दिली. ती हसली, गोठ्यामागे गेली आणि दोन मिनिटांत डबी भरून घेऊन आली. "घे वं, इतकंच ना?"

भाऊ आले. डबी उजेडात धरून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "सासूचीच ना, बेटा?"

"हो, त्यायचीच."

त्यांनी वहीत सावकाश नाव लिहिलं आणि गेले. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की त्या दिवशी मी गॅसवर शिरा केला.

तिसऱ्या दिवशी भाऊ पुन्हा अंगणात उभे. हातात गोळ्यांचं पाकीट. डबीत जंतू सापडले होते.

सासूबाई खांबाला धरून खाली बसल्या. मी दारात उभी. समोर ओट्यावर शेवंताकाकू, तिच्या मांडीवर माझं आठ महिन्यांचं पोर, तिच्या तोंडात बोट घालून खेळणारं. काकू तेवढ्यात खोकली, पोराच्या तोंडासमोरच खोकली, आणि बाजूला थुंकली. मला कोणी सांगायची गरज राहिली नाही. मी बोलले तर काकूवर बालंट, मायाचं लग्न त्याच अंगणातलं, तेही बुडणार. नाही बोलले तर गोळ्या सासूबाई खाणार, ज्यांना रोग नाही, आणि ज्या बाईला आहे ती माझ्या लेकराला मांडीवर घेऊन तशीच बसणार. मी पोराला घ्यायला पुढे झाले आणि अर्ध्यावरच थांबले.

भाऊंनी पाकीट उघडलं नाही. ते ओट्यापासून जरा दूर बसले आणि म्हणाले, "बेटा, चहा ठेव." एका घरी एक कप, हा त्यांचा नियम होता. त्या दिवशी त्यांनी दुसरा कप मागितला. तिसरा मागतील की काय असं वाटलं. मी रिकामा कप घ्यायला वाकले तेव्हा ते माझ्यापुरतंच बोलले, "डबी खोटं बोलत नाई, बेटा. मानूस घाबरते म्हनून बोलते."

मी तिथंच, हातात कपबशी घेऊन, सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले की ओरडले ते आठवत नाही. वाटलं, हा माणूस आता गावभर आमची अब्रू काढेल, निदान माझ्यावर तरी भडकेल. भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "बरं झालं. तू डबी बदलली म्हनून हे सापडली. नाईतर माही नजर सासूवरच होती. इची मी डबीच मागितली नसती." मग लगेच त्यांचा आवाज कडक झाला. "पन पुन्हा असं करशीन तं मी तुह्या हातचा चहा पेनार नाई." त्या माणसाची शिक्षा एवढीच, आणि मला ती आजही पुरते.

काकूला सांगायचं काम त्यांनीच केलं. ती आधी हसली, मग संतापली, मग पोराकडे बघितलं आणि त्याला माझ्याकडे देऊन स्वतः ओट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. एवढंच म्हणाली, "लेकराले काई झालं असन तं मी जीव देईन. अन् मायाच्या लगनापर्यंत कोनाले सांगू नका." भाऊ म्हणाले, "जीव द्याचं काम नाई, गोळ्या खाचं काम हाय. लेकराचं मी पाह्यतो. रोग लपवाचा नाई, पन रोग्याचं नाव चावडीवर सांगाचंई नाई. हे दोन येगळे कामं हायत."

मग सगळं त्यांच्या शिस्तीनं झालं. काकूची स्वतःच्या नावाची डबी, तिची गोळी, रोज. सासूबाईंची खरी तपासणी वर्ध्याला. तिथं नळीत फुंकायला लावून छातीचा जोर मोजला आणि सांगितलं, टीबी नाही, धुरानं आणि रुईच्या धुळीनं श्वासनळ्या आकसल्या आहेत. ओढायचा पंप मिळाला. गॅसवरचं विणलेलं झाकण निघालं, ते मायानं रुखवतात ठेवलं. माझ्या लेकराची तपासणी झाली. त्याला रोग नव्हता, पण होऊ नये म्हणून काही महिने औषध पाजावं लागलं. मी ते चमच्यानं पाजायची आणि दर चमच्याला माझी हुशारी आठवायची. काकूच्या खोलीला एकच खिडकी होती, ती पोत्यानं बुजवलेली. भाऊंनी स्वतः पोतं ओढून काढलं. "हवा खेळती पाह्यजे. जंतू कोंदट जागीच मुक्कामाले राह्यते."

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काकूची भूक उघडली, खोकला गेला, आणि तिनं गोळी पदराला बांधून ठेवायला सुरुवात केली. मला कळण्याआधी भाऊंना कळलं. कसं, ते विचारू नका. येऊन म्हणाले, "लोकं इथंच फसतात. बरं वाटलं म्हनजे बरं झालं असं नसते, शेवंताबाई. अर्धवट सोडली तं मंग हेच जंतू या गोळीले जुमानत नाईत." पदराची गाठ त्यांनी तिलाच सोडायला लावली.

बिडी ओढणाऱ्यांशी मात्र ते कधी वाद घालायचे नाहीत. स्वतःचा पांढरा रुमाल पुढे करायचे. "एक झुरका घे, अन् धूर यातून सोड." रुमालावर पिवळा डाग उमटायचा. तो ते घडी घालून त्या माणसाच्याच खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "मी वीस वर्सं ओढली. असे किती रुमाल माह्या छातीत हायत, मले मोजता येत नाई. तू मोजता येते तोवर सोड." महिन्याला त्यांचे किती रुमाल जायचे कोण जाणे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यावरून कायम कुरकुरायच्या असं ते हसत सांगायचे.

मायाचं लग्न झालं. काकूच्या गोळ्या अजून चालू होत्या, पण डबीत जंतू उरले नव्हते, त्यामुळे तिला मांडवात वावरायची मोकळीक होती. सासूबाईंनी भाऊंना आमंत्रण दिलं आणि दिल्यावर घाबरल्या. लोक विचारतील, हा माणूस यांच्याकडे कसा? पण भाऊ आले तेव्हा गंमतच झाली. वराकडच्या एका जाड्या मामांनी त्यांना पाहिलं आणि झटकन तोंड फिरवलं. नवरदेवाची आत्या खांबामागे सरकली. आमच्याकडचे दोघं-तिघं एकाएकी पंगत वाढायच्या कामाला लागले. त्या मांडवातली निम्मी माणसं भाऊंना चांगली ओळखत होती, आणि एकही ओळख दाखवत नव्हता. भाऊही कमाल. परक्या माणसासारखे आत आले, अक्षता टाकल्या आणि पंगतीच्या टोकाला एकटे जाऊन बसले.

आणि शेवंताकाकू उठली. नवी जांभळी साडी, अंगावर पुन्हा मांस धरलेलं. बुंदीचं भांडं तिनं वाढणाऱ्याच्या हातातून घेतलं, सगळ्यांच्या देखत पंगतीच्या टोकापर्यंत गेली आणि भाऊंच्या पत्रावळीवर बुंदीचा ढीग केला. मोठ्यानं म्हणाली, "खा भाऊ. मले टीबी झालता, तुमी बरी केली. लपवाचं काय त्यात?" सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मग ते वराकडचे जाडे मामा खाकरले आणि म्हणाले, "भाऊ, माह्याकडे नाई पाह्यलं काय? मागच्या साली तुमच्याच गोळ्या खाल्ल्या ना मी." त्यानंतर पंगतीत जो हशा झाला तो अजून आमच्या घरात सांगतात. लग्न मोडलं नाही. मायाची सासू आजही आमच्या काकूचीच जास्त मैत्रीण आहे.

पुढे गावात आशाताईची जागा निघाली आणि मी अर्ज केला. भाऊंनीच करायला लावला, असं म्हटलं तरी चालेल. "तुले डबीची लबाडी मालूम हाय," म्हणाले, "तुह्याएवढी चांगली कोन मिळनार?" काही वर्षं आम्ही बरोबर फिरलो. मग ते निवृत्त झाले आणि आपल्या गावी, तळेगावला, संत्र्यांच्या लहानशा बागेत राहायला गेले.

गेल्या हिवाळ्यात मी आष्टीकडे एका लग्नाला गेले होते, तेव्हा त्यांच्याकडे एक मुक्काम केला. भाऊ थकले होते, पण मिशा तशाच. माझा मुलगा आता कबड्डी खेळतो, एका दमात पलीकडे जाऊन येतो, हे ऐकून त्यांनी मांडीवर थाप मारली आणि त्यांना खोकला आला. बराच वेळ आला.

"किती दिवसांचा?" मी विचारलं.

"काई नाई वं, धुळीचा हाय. बागेत काम सुरू हाय ना."

"दोन बाजार झाले का?"

भाऊ संत्र्याच्या झाडाकडे बघायला लागले. आतून वहिनींचा आवाज आला, "चार झाले."

माझ्या पर्समध्ये डबी असतेच. ती काढून त्यांच्यासमोर ठेवली. तीस वर्षं जगाला डब्या वाटणारा माणूस ती हातात घेऊन लहान पोरासारखा उलटसुलट करत बसला. पुढे तपासणीत जंतू निघाले नाहीत. त्या वीस वर्षांच्या बिड्यांनी छाती दुबळी केली होती, आता त्यांनाही पंप आहे आणि वहिनी तो वेळच्या वेळी ओढायला लावतात. पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवसाची सकाळ.

सकाळी ते डबी भरून घेऊन आले. मी ती उजेडात धरली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमचीच ना, भाऊ?"

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग असे हसले, असे हसले, की वहिनी पाणी घेऊन धावत आल्या. "माहीच हाय बेटा, माहीच. तुह्यासारखी हुशार सून मले कुठून?"

तपासणीला आम्ही दोघं एसटीनं निघालो. गाडी भरलेली. भाऊंना पुढे जागा मिळाली, मी मागे उभी. दोन थांबे गेले आणि त्यांना खोकला लागला. एकदा, दोनदा. त्यांच्या शेजारचा माणूस रुमाल शोधू लागला. तिसऱ्यांदा भाऊ खोकले तसा तो उठला आणि दांडा धरून दूर उभा राहिला.

मी गचके खात पुढे गेले, भाऊंच्या पलीकडे हात घालून खिडकीची काच सरकवली, आणि त्यांच्या शेजारी बसले.